तेलवाळूचे जुने मालक का निघाले? वाचकांचे प्रश्न, कॅलगरीहून उत्तरं

गेल्या अंकात अल्बर्टातल्या तेलवाळूबद्दल लिहिलं होतं. परदेशी कंपन्या तिथले आपले हिस्से कॅनडाच्या कंपन्यांना विकून निघाल्या, असा त्यात ओझरता उल्लेख होता. बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आली. कॅलगरीत माझी सगळी नोकरी तेलसाठ्यांच्या मूल्यांकनात गेली. विकायला निघालेल्या जागेत तेल किती आहे, ते काढायला खर्च किती येईल आणि शेवटी सगळं आवरायला किती लागेल, हे आकडे मांडायचे, हेच काम. त्यामुळे या महिन्याचं सदर पूर्ण याच विषयाला देते.

शेल, बीपी, टोटल, शेव्हरॉन एकामागून एक कॅनडाच्या तेलवाळूतून बाहेर पडल्या. तिथलं तेल संपत आलंय का? (एक वाचक, नाशिक)

तेल मुळीच संपलेलं नाही. अल्बर्टाच्या तेलवाळूत आजच्या तंत्राने आणि आजच्या भावात काढता येईल असं सुमारे १६० अब्ज बॅरल तेल आहे. एवढं मोठं घबाड सोडून लोक का गेले, हे समजायला आधी ते तेल कसं असतं ते सांगते.

माझ्या टेबलावर बिट्युमेनची, म्हणजे तेलवाळूतल्या डांबरासारख्या घट्ट तेलाची, एक छोटी बाटली असायची. हिवाळ्याच्या सकाळी ती उलटी धरली तरी आतला काळा गोळा तळाला तसाच चिकटून राहायचा, हीटरजवळ ठेवली की दुपारपर्यंत हळूहळू ओघळायला लागायचा. असा पदार्थ वाळूच्या कणाकणाला चिकटलेला असतो. तो वरच्या थरात असेल तर खाण खणतात. चारशे टन माल वाहणारे ट्रक वाळू आणून टाकतात, ती गरम पाण्याने धुतात, आणि साधारण दोन टन वाळू धुतली की एक बॅरल तेल मिळतं. तो खोल असेल तर आडव्या विहिरींची जोडी खणतात, एक वर आणि एक तिच्याखाली पाचेक मीटरवर. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, पातळ झालेलं बिट्युमेन खालच्या विहिरीतून उपसायचं. वाफेसाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. म्हणजे तेल हाती येण्याआधीच प्रचंड पैसा आणि इंधन खर्च होतं.

जून २०१४ मध्ये तेल शंभर डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला तीस डॉलरच्या खाली गेलं. ज्यांचा खर्च जास्त त्यांना हा फटका सर्वांत आधी बसला. त्यात अल्बर्टाला समुद्र नाही. किनाऱ्यापर्यंत नेणारे पाइपलाइनचे प्रकल्प एकेक करून अडले. नॉर्दर्न गेटवे २०१६ मध्ये नाकारला गेला, एनर्जी ईस्ट २०१७ मध्ये कंपनीनेच सोडला, आणि कीस्टोन एक्सएल ओबामांनी नाकारला, ट्रम्पनी पुन्हा मंजूर केला, बायडन यांनी पदावर येताच पुन्हा रद्द केला. तेल अडकून पडलं की खरेदीदार भाव पाडून मागतो. २०१८ च्या शरद ऋतूत अल्बर्टाचं जड तेल अमेरिकी तेलापेक्षा बॅरलमागे पन्नास डॉलरने स्वस्त विकलं जात होतं.

या काळातल्या विक्रीचा क्रम पाहा. यातल्या घेणाऱ्या अथाबास्का ऑइल, कॅनेडियन नॅचरल आणि सेनोव्हस या कंपन्या कॅनडाच्या. डिसेंबर २०१६ मध्ये नॉर्वेच्या स्टॅटऑइलने आपला प्रकल्प अथाबास्का ऑइलला विकला. मार्च २०१७ मध्ये शेलने खाणींतला बहुतेक हिस्सा कॅनेडियन नॅचरलला दिला, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या कोनोकोफिलिप्सने दोघींच्या भागीदारीतला आपला निम्मा वाटा सेनोव्हसला विकला. २०१९ मध्ये अमेरिकेची डेव्हन गेली, २०२२ मध्ये बीपीने सनराइज प्रकल्पातला अर्धा वाटा सोडला, २०२३ मध्ये टोटलएनर्जीज (टोटलचं नवं नाव) आणि २०२४ मध्ये शेव्हरॉन.

प्रत्येकीचं कारण वेगळं होतं. शेलने २०१६ मध्ये बीजी ही वायू कंपनी पन्नास अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतली होती आणि ते कर्ज फेडायला तिने ३० अब्ज डॉलरची मालमत्ता विकायचं जाहीर केलं होतं. डेव्हनला सगळं लक्ष अमेरिकेतल्या शेल नावाच्या थरदार खडकातल्या तेलावर द्यायचं होतं (शेल कंपनीशी या नावाचा संबंध नाही). शेव्हरॉनने हेस ही कंपनी घ्यायचा करार केला होता आणि तिलाही दहा-पंधरा अब्ज डॉलरची विक्री करायची होती. टोटलचं कारण मला सर्वांत बोलकं वाटतं. २०२० मध्ये तिने कॅनडातल्या तेलवाळूची किंमत आपल्या हिशेबातून सुमारे सात अब्ज डॉलरने कमी केली, आणि सांगितलं की ज्या साठ्यांचा उत्पादन खर्च जास्त आहे आणि ज्यांचं आयुष्य वीस वर्षांच्या पलीकडे जातं, ते पुढे जमिनीतच राहून जाण्याचा धोका आहे. हे 'वीस वर्षांच्या पलीकडे' लक्षात ठेवा. पुढच्या उत्तरात तेच लागणार आहे.

मग कॅनडाच्या कंपन्यांनी ते का घेतलं? मोठ्या कंपन्यांना जे नको तेच गळ्यात घेणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार नाही का? (एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे)

तुम्ही बँकेत होता, म्हणून आकड्यांतूनच सांगते.

टेक्सासमधल्या शेल खडकातली विहीर पहिल्या वर्षातच आपलं निम्म्याहून जास्त उत्पादन गमावते. उत्पादन टिकवायचं तर दरवर्षी नव्या विहिरी खणत राहायचं, म्हणजे पैसा सतत घालत राहायचा. तेलवाळूची खाण एकदा उभी राहिली की चाळीस वर्षं जवळजवळ त्याच पातळीवर चालते. उभारणीचा अवाढव्य खर्च आधीच्या मालकाने केलेला असतो. घेणाऱ्याला फक्त चालवायचा खर्च आणि डागडुजी. टोटलने ज्या लांब आयुष्याला धोका मानलं, कॅनेडियन नॅचरलने त्यासाठीच पैसे मोजले. कुणाला पाच वर्षांत पैसा परत हवा, कुणाला चाळीस वर्षं थोडाथोडा चालतो, सगळा फरक तिथे आहे.

दुसरं, शेजार. कॅनेडियन नॅचरलची होरायझन खाण शेलच्या खाणींच्या शेजारीच होती. सुटे भाग, दुरुस्तीचे गट, विमानाने येणारे कामगार, सगळं एकत्र वापरता आलं की बॅरलमागचा खर्च उतरतो. जगभर पसरलेल्या कंपनीला अल्बर्टा हा चाळिसातला एक नकाशा असतो. इथल्या कंपनीचे वरिष्ठ मात्र त्या खाणीवर वर्षातून अनेकदा जातात आणि कुठला पंप कुरकुरतोय हे त्यांना ठाऊक असतं. माझं स्पष्ट मत आहे की खर्च खाली आणण्यात या कंपन्यांनी जुन्या मालकांपेक्षा चांगलं काम केलं.

तरीही तुमची शंका निराधार नाही. सेनोव्हसचं उदाहरण घ्या. मार्च २०१७ मध्ये तिने १७.७ अब्ज कॅनेडियन डॉलरचा सौदा जाहीर केला. त्यात १४.१ अब्ज रोख आणि आपले २० कोटी ८० लाख शेअर द्यायचे होते. गुंतवणूकदार भडकले, दुसऱ्याच दिवशी शेअर दहा टक्क्यांहून जास्त आपटला आणि पुढच्या काही आठवड्यांत आणखी घसरला. जूनमध्ये मुख्याधिकारी ब्रायन फर्ग्युसन यांनी निवृत्ती जाहीर केली. कर्ज उतरवायला कंपनीला त्याच वर्षी पेलिकन लेक, सफील्ड, वेबर्न ही जुनी क्षेत्रं विकावी लागली. ते दिवस मला चांगले आठवतात. शहरात जेवायला भेटलेला प्रत्येक जण याच सौद्याबद्दल बोलायचा.

त्या करारात एक कलम होतं, ते तुम्हाला बँकर म्हणून आवडेल. अल्बर्टाच्या जड तेलाचा तिमाही सरासरी भाव ५२ कॅनेडियन डॉलरच्या वर गेला तर वरच्या प्रत्येक डॉलरमागे सेनोव्हसने कोनोकोफिलिप्सला तिमाहीला ६० लाख डॉलर द्यायचे, आणि हे पाच वर्षं चालायचं. म्हणजे विकणाऱ्याला वाटत होतं की भाव वाढेल, घेणाऱ्याला त्या क्षणी पूर्ण किंमत मोजायची नव्हती, आणि दोघांनी अंदाजातला फरक कागदावर वाटून घेतला. बीपीने सेनोव्हसला सनराइज विकताना हाच मार्ग धरला. ६० कोटी कॅनेडियन डॉलर रोख आणि भाव चढला तर आणखी ६० कोटींपर्यंत, दोन वर्षांत. शिवाय न्यूफाउंडलंडच्या समुद्रातल्या बे डू नॉर्ड प्रकल्पातला सेनोव्हसचा वाटा बीपीला मिळाला. सौदा दोन्ही बाजूंना पटला की नाही, हे अशा कलमांत दिसतं. मी नवख्या मुलांना आधी तेच पान उघडायला सांगायचे.

आणि काळ बदलला. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटन पाइपलाइनची नवी नळी सुरू झाली. तिची क्षमता दिवसाला तीन लाखांवरून आठ लाख नव्वद हजार बॅरलवर गेली आणि अल्बर्टाच्या तेलाला पॅसिफिकचा किनारा मिळाला. ही पाइपलाइन २०१८ मध्ये किंडर मॉर्गन या अमेरिकी कंपनीने ४.५ अब्ज कॅनेडियन डॉलरला सरळ कॅनडा सरकारलाच विकली होती. विस्ताराचा खर्च नंतर ३४ अब्जांवर गेला. करदात्याने भरलेल्या त्या पैशाचा लाभ आज या कंपन्यांना मिळतोय, हेही हिशेबात धरायला हवं.

ताई, माझा मुलगा कॅलगरीत एका परदेशी तेल कंपनीत इंजिनिअर आहे. त्याच्या विभागाची विक्री होणार अशी बातमी आहे. तो फोनवर 'काळजी करू नकोस' म्हणतो, पण आवाज वेगळा लागतो. नोकरी जाईल का? (एक आई, सांगली)

तुमची काळजी मला कळते. मी दोन्ही बाजूंच्या टेबलांवर बसलेली आहे.

आधी एक विचारा, तो खाणीवर किंवा प्लांटवर काम करतो की शहरातल्या कार्यालयात? खाण विकली जाते तेव्हा ती चालवणारी माणसंही बरोबर जातात, कारण त्यांच्याशिवाय ती चालत नाही. २०१७ मध्ये शेलच्या सौद्यात तीन हजारांवर माणसं नव्या कंपनीत गेली. शिफ्ट तीच, कॅम्पातली खोली तीच, हेल्मेटवरचा स्टिकर आणि पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव तेवढं बदलतं. धोका असतो कार्यालयात. घेणाऱ्या कंपनीकडे हिशेब, खरेदी, संगणक, मनुष्यबळ हे विभाग आधीच असतात, त्यामुळे एकाच कामाला दोन माणसं होतात. २०२१ च्या जानेवारीत सेनोव्हसने हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या ताब्यातली हस्की ही तेल कंपनी स्वतःत विलीन केली, तेव्हा वीस ते पंचवीस टक्के नोकऱ्या कमी करण्याचं ठरलं होतं, आणि त्यातल्या बहुतेक कॅलगरीतल्या होत्या.

आता त्याला सांगायच्या गोष्टी. वर्क परमिट एकाच मालकाच्या नावाने बांधलेलं असेल तर विक्रीनंतर ते चालेल का, हे कंपनीकडून आत्ताच लेखी मागून घ्यावं. यात दिरंगाई करू नये. अल्बर्टाच्या अभियंता संस्थेचा परवाना अजून घेतला नसेल तर अर्ज टाकावा. तो कंपनीवर अवलंबून नसतो आणि अल्बर्टात कुठल्याही कंपनीत उपयोगी पडतो. आणि काढलंच, तर निरोपाच्या रकमेच्या कागदावर त्याच दिवशी सही करू नये. दडपण आलं तरी थांबावं, कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवावा. पहिला देकार कायद्याने मिळू शकणाऱ्या रकमेपेक्षा कमी असतो असं मी पुष्कळदा पाहिलंय.

आणि तुम्ही त्याला 'नोकरीचं काय झालं' असं दर रविवारी विचारू नका. 'जेवलास का' एवढंच विचारा, बाकीचं तो आपणहून सांगेल. इथलं मराठी मंडळ अशा वेळी धावून येतं. कोण कुठे माणसं घेतंय ही माहिती गणपतीच्या आरतीनंतर जेवढी मिळते तेवढी संकेतस्थळांवर मिळत नाही.

म्हणजे आता कॅनडाचं तेल पूर्णपणे कॅनडाच्या मालकीचं झालं म्हणायचं? (एक शिक्षक, नागपूर)

तसं म्हणता येत नाही. जमिनीखालचं बहुतेक तेल मुळातच अल्बर्टा प्रांताच्या मालकीचं आहे. कंपन्यांकडे भाडेपट्टा असतो आणि त्या प्रांताला रॉयल्टी देतात. प्रकल्पाचा खर्च वसूल होईपर्यंत ती एकूण उत्पन्नाच्या १ ते ९ टक्के असते, नंतर निव्वळ उत्पन्नावर २५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. विकला जातो तो भाडेपट्टा, यंत्रं आणि करार.

परदेशी कंपन्याही सगळ्या गेलेल्या नाहीत. इम्पीरियल ऑइलचे जवळजवळ सत्तर टक्के शेअर एक्सॉनमोबिलकडे आहेत. चीनच्या सीनूक या सरकारी कंपनीने २०१३ मध्ये नेक्सन ही कॅनडाची तेल कंपनी घेतली ती अजून तिच्याकडेच आहे. त्या सौद्याला परवानगी देतानाच कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांनी यापुढे अपवादात्मक परिस्थिती सोडून परक्या सरकारी कंपन्यांना तेलवाळूत ताबा मिळणार नाही असं बजावलं होतं. टोटलच्या विक्रीत तर उलटंच झालं. कॅनडाच्या सनकोर या कंपनीला तिचं सगळं घ्यायचं होतं. पण सरमाँट प्रकल्पातली भागीदार कोनोकोफिलिप्स हिने करारातला पहिल्या खरेदीचा हक्क वापरला आणि टोटलचा तिथला अर्धा वाटा स्वतः घेतला, सनकोरला फक्त फोर्ट हिल्स खाणीतला हिस्सा मिळाला. २०१७ मध्ये तेलवाळूतला मोठा वाटा विकून गेलेली अमेरिकी कंपनी २०२३ मध्ये तेलवाळूतच आणखी पैसे घालते, हे लक्षात घ्या. शिवाय कॅनडाच्या या कंपन्यांचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारातही विकले जातात, आणि ते घेणाऱ्यांत अमेरिकी फंड पुष्कळ आहेत.

हे तेल भारतात येतं का? (एक वाचक, पनवेल)

फार थोडं. बहुतेक तेल पाइपलाइनने अमेरिकेत जातं. ट्रान्स माउंटनची नवी नळी सुरू झाल्यावर २०२४ मध्ये रिलायन्सने वीस लाख बॅरल घेतलं, जामनगरजवळच्या सिक्का बंदरासाठी. जामनगरची रिफायनरी जड तेल पचवू शकते. पण व्हँकुव्हरजवळच्या धक्क्यावर मध्यम आकाराचीच जहाजं लागतात, तेल पुढे मोठ्या जहाजात भरावं लागतं, आणि अंतर लांब आहे. त्यामुळे भावात चांगली सूट मिळेल तेव्हाच हा व्यवहार परवडतो.

मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. युरोपच्या कंपन्या तेलवाळू विकून 'आमचं उत्सर्जन घटलं' असं म्हणतात. खरंच प्रदूषण कमी होतं का? माझ्या प्रकल्पासाठी विचारते. (कोल्हापूर)

तू विचारलेला प्रश्न या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून शेवटी ठेवला आणि लांब लिहिते आहे.

विक्रीने एक थेंबही कमी निघत नाही. तोच बॉयलर, तीच वाफ, धूर एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत जातो. नॉर्वेचंच बघ. सरकारी मोठा हिस्सा असलेल्या स्टॅटऑइलने आपला प्रकल्प विकला. नंतर मे २०२० मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय फंडाने उत्सर्जनाचं कारण देऊन कॅनेडियन नॅचरल, सनकोर, सेनोव्हस आणि इम्पीरियल यांना गुंतवणुकीतून वगळलं. नॉर्वेचे कागद स्वच्छ झाले, पण अल्बर्टाच्या आकाशात काही बदललं नाही.

उत्सर्जनाबद्दल निदान सगळे बोलतात. मला जास्त काळजी आहे ती खाण संपल्यावर सगळं आवरण्याची. वाळू धुतल्यावर उरलेलं पाणी, गाळ आणि बिट्युमेनचे अंश मोठ्या तलावांत साठवतात. असं द्रव आज एक अब्ज घनमीटरच्या वर आहे. २०२३ च्या सुरुवातीला इम्पीरियलच्या कर्ल खाणीतून असं ५३ लाख लिटर पाणी ओसंडून बाहेर गेलं. शिवाय गाळाचं पाणी जमिनीखालून झिरपतंय हे आदल्या वर्षापासून माहीत असूनही खालच्या बाजूच्या फोर्ट चिपेव्यानच्या आदिवासी समाजाला ते नीट सांगितलं गेलं नव्हतं. ते लोक त्याच पाण्याच्या काठावर मासे धरतात, शिकार करतात. याचा मला अजून राग येतो.

आता सौद्याशी याचा संबंध. खाण विकली की तिचे तलाव आणि त्यांची जबाबदारीही नव्या मालकाकडे जाते. ही जबाबदारी किमतीत कशी मांडतात ते स्वतः करून बघ. समज, चाळीस वर्षांनी आवरायला शंभर रुपये लागणार आहेत. वर्षाला ५ टक्के दराने त्याचं आजचं मूल्य काढ. साधारण चौदा रुपये येईल. दर ८ टक्के धर, पाच रुपयेही येत नाहीत. म्हणजे खाण जितकी जास्त चालेल असं गृहीत धरावं, तितका आवरण्याचा खर्च आजच्या टेबलावर लहान दिसतो. ज्या लांब आयुष्यासाठी कॅनडाच्या कंपन्या पैसे मोजतात, तेच आयुष्य हा खर्चही लहान करून दाखवतं. गणित चुकीचं नसतं. पण तलाव चौदा रुपयांचा झालेला नसतो.

प्रांताकडे अनामत असते ना, असं तू म्हणशील. अल्बर्टाच्या महालेखापालांनी २०१५ मध्ये सांगितलं की खाणी आवरायचं दायित्व २०.८ अब्ज कॅनेडियन डॉलर आहे आणि हाती अनामत १.५७ अब्ज. खाणीत पंधरा वर्षांपेक्षा कमी साठा उरला की मगच अनामत वाढवत न्यायची, असा नियम होता. तोवर खाणीतलं तेल हेच तारण. भाव चढा असताना हे तारण भक्कम वाटतं, पण आवरायची वेळ येते तेव्हा भाव काय असेल हे कुणाच्याच हाती नसतं.

कायद्याने काही बाजू सावरली आहे. ३१ जानेवारी २०१९ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रेडवॉटर या बुडालेल्या तेल कंपनीच्या खटल्यात ठरवलं की कंपनी दिवाळखोर झाली तरी विहिरी बंद करण्याचं कर्तव्य बँकेच्या कर्जाआधी येतं. २०२० मध्ये अल्बर्टाच्या नियामकाने शेलच्या दक्षिणेकडच्या वायू प्रकल्पांचे परवाने पिएरिडी या कॅलगरीच्या कंपनीला द्यायला नकार दिला, कारण जुन्या दूषणाची जबाबदारी दोघांत वाटून घ्यायचा प्रस्ताव कायद्यात बसत नव्हता. असे नकार मला आणखी हवेत. आधी ही जबाबदारी जगभर पसरलेल्या डझनभर कंपन्यांच्या खांद्यावर होती. आता ती बऱ्याच अंशी कॅलगरीच्या तीन-चार कंपन्यांवर आली आहे, आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग याच वाळूवर अवलंबून आहे. एखाद्या मंदीत वाळूच तोट्यात गेली तर दुसऱ्या धंद्यातला नफा आणून भरायची सोय त्यांच्याकडे शेलएवढी नाही.

प्रकल्पासाठी एक मार्ग सुचवते. कॅनेडियन नॅचरल, सनकोर आणि सेनोव्हस यांचे वार्षिक अहवाल कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. हिशेबाखालच्या टिपांत मालमत्ता निवृत्त करण्याच्या दायित्वाची टीप शोध. तिथे दोन रकमा असतात, एक सवलतीचा दर लावण्याआधीची आणि एक नंतरची, आणि तो दर कोणता हेही लिहिलेलं असतं. सौद्याच्या आधीच्या वर्षाची आणि नंतरच्या वर्षाची टीप शेजारी ठेव. दर बदलला की दायित्व किती हलतं ते काढ, आणि त्यातला सौद्यामुळे आलेला भाग वेगळा कर. अडलीस तर आकड्यांसकट पत्र लिही, मी तपासून देईन.